छत्रीखालचा मासा आणि खाणीचा गाळ

लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर मी रापण ओढताना बघायला जायचो. जाळं वाळूवर आलं की आधी मासळी वेगळी होई, मग कचरा. काही दिवस असे यायचे की जाळ्यात मासळीपेक्षा जेलीफिशच जास्त. जड, बुळबुळीत, हातातून निसटणारी आणि अंगाला लागली की आग आग करणारी. रापणकार ती फळकुटानं बाजूला सारत. 'खावक नाय, इकूक नाय,' एवढंच त्यांचं तिच्याबद्दलचं मत. दिवसाची मेहनत जिच्यामुळे वाया गेली तिच्याबद्दल कुणी गोड का बोलावं? पण त्यांच्यातल्याच एका आजोबांनी एकदा ताटाएवढी जेलीफिश फळकुटावर उलटी करून मला जवळ बोलावलं. छत्रीच्या आत, झालरीच्या घडीत, बोटाच्या पेराएवढी तीन-चार चंदेरी पिल्लं वळवळत होती. 'हिच्या आडोशाक रवतत,' ते म्हणाले, आणि पिल्लं अलगद चिमटीत धरून त्यांनी पाण्यात सोडली.

किनाऱ्याजवळ लपायला निदान खडक असतात, शेवाळ असतं, होडीची सावली असते. खोल समुद्राच्या मधल्या पाण्यात यातलं काहीच नाही. दोनशे मीटरच्या खाली उजेड संपत जातो, तळ आणखी तीन-चार हजार मीटर खाली असतो आणि चारही दिशांना नुसतं पाणी. पृथ्वीवर जीवांना राहायला एवढी मोठी जागा दुसरी नाही, आणि तिथे आडोसा शोधायचा तर तो दुसऱ्या जीवाच्याच अंगाचा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'एमबारी' या समुद्रसंशोधन संस्थेच्या दूरनियंत्रित पाणबुडीनं माँटेरेच्या उपसागरात ९९० मीटर खोलीवर असा एक आडोसा टिपला. स्टायजिओमेड्युसा जायगँटिया हे त्या जेलीफिशचं शास्त्रीय नाव. छत्री मीटरभराहून रुंद. तिच्याखाली तंतू नाहीत, चार लांबलचक पट्टे आहेत, दहा मीटरच्या वर वाढणारे, गडद लालसर-तपकिरी. दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी वाऱ्यानं उलगडावं तसे ते हलतात. आणि त्या पट्ट्यांच्या आतबाहेर, छत्रीच्या वरखाली, एक छोटा मासा फिरत असतो. त्याचं नाव थॅलासोबॅथिया पेलाजिका. तो तिच्याजवळून हलत नाही. मासा आणि जेलीफिश यांच्या या सोबतीचं प्रत्यक्ष पाहून केलेलं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात पहिल्यांदा छापून आलं ते २००४ मध्ये. म्हणजे ही ओळख वीसेक वर्षांचीच. एमबारीच्या पाणबुड्यांनी २०२१ पर्यंत हजारो बुड्या मारल्या होत्या आणि त्यांत ही प्रचंड जेलीफिश दिसली होती फक्त ९ वेळा. तिचा पहिला नमुना १८९९ मध्ये मिळाला, तेव्हापासून साऱ्या जगातल्या नोंदी धरल्या तरी शंभराच्या आसपास भरतात.

दुसरी एक जेलीफिश आहे, डीपस्टारिया एनिग्मॅटिका. १९६६ मध्ये 'डीपस्टार ४०००' या पाणबुडीतून ती पकडली गेली, म्हणून हे नाव. पातळ, धुरकट, जाळीदार नसांची ही भलीमोठी पिशवी तोंड आवळून भक्ष्याला आत घेते. या पिशवीत अनेकदा झिंग्याच्या दूरच्या नात्यातला चौदा पायांचा एक आयसोपॉड ठाण मांडून बसलेला सापडतो. जपानच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेली पँडिया रुब्रा तर तांबड्या कागदी कंदिलासारखी. तिच्या अंगावर समुद्री कोळी म्हणतात ते लांब पायांचे जीव वाढतात. तिची स्वतःची बाल्यावस्था मात्र टेरोपॉड नावाच्या पोहणाऱ्या गोगलगाईच्या शिंपल्यावर चिकटून जाते. गोगलगाईच्या पाठीवर जेलीफिश, जेलीफिशच्या पाठीवर कोळी. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून समुद्र आम्लधर्मी होत चालला आहे, आणि टेरोपॉडचे नाजूक शिंपले त्या पाण्यात झिजतात. गोगलगाईचं घर गेलं की वरचे दोघेही बेघर.

ॲटोला जेलीफिशची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. कुणी तिला पकडलं की तिच्या छत्रीभोवती निळ्या प्रकाशाचं चक्र फिरू लागतं. चोर घरात शिरल्यावर आरडाओरडा करून शेजाऱ्यांना जागं करावं, तसा हा प्रकार: प्रकाश बघून आणखी मोठा शिकारी येईल, तो हल्लेखोराला खाईल आणि आपण सुटू. अमेरिकी शास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी या प्रकाशाची नक्कल करणारी विजेरी बनवली. जायंट स्क्विड हा महाकाय प्राणी खोल पाण्यात जिवंत वावरताना चित्रित करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले होते, पण पाणबुडीचे झगझगीत दिवे आणि घरघर यांपुढे तो येईना. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ विडर यांनी ही खोटी ॲटोला शांतपणे पाण्यात सोडली, स्क्विडच्या डोळ्यांना न दिसणारा लाल दिवा लावला, आणि तो आला. आजवर आपण त्या पाण्यात आपल्याच सोयीचा दिवा आणि आवाज घेऊन जात होतो. तिथल्या भाषेत हाक मारल्यावर उत्तर मिळालं.

हे सगळं आज मांडायचं कारण म्हणजे या मधल्या पाण्यात खाणीचं सांडपाणी सोडण्याची तयारी जगभर सुरू आहे, आणि त्यात आपला देशही आहे.

समुद्राच्या तळावर चार ते सहा हजार मीटर खोलीवर बटाट्याएवढे काळपट गोटे पसरलेले असतात. पॉलिमेटॅलिक नोड्यूल हे त्यांचं नाव. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट हे धातू त्यांत असतात. दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजावरून असे गोटे पहिल्यांदा वर आणले. भारताच्या विज्ञानातला तो मोठा दिवस होता आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पुढे १९८७ मध्ये या क्षेत्रातला 'पायोनियर इन्व्हेस्टर', म्हणजे अग्रणी गुंतवणूकदार, हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवणारा भारत पहिला देश ठरला. आज मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी आपल्याकडे आहे. सरकारी अंदाजानुसार तिथे ३८ कोटी टन गोटे आहेत. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या 'डीप ओशन मिशन'ला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे एनआयओटीचं, 'वराह' हे तळावर फिरणारं यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर उतरवून तपासलं गेलं. २०२४ मध्ये अंदमान समुद्रात ११७३ मीटरवरून शंभर किलोहून जास्त गोटे उचलून दाखवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये समुद्राखालच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर सल्फाइड खनिजं शोधण्याचा करारही आपण केला. शोध घ्यायला माझा विरोध नाही. शोध आणि उपसा यांच्यामध्ये जो उंबरठा आहे तिथे थांबावं, असं माझं म्हणणं आहे.

उपसा कसा होईल ते बघा. तळावर एक अवजड यंत्र फिरेल. ते गोट्यांबरोबर वरचा चिखलही खरवडेल. हा सगळा रबडा चार-पाच किलोमीटर लांबीच्या पाइपातून जहाजावर खेचला जाईल. जहाजावर गोटे वेगळे होतील आणि उरलेलं गढूळ पाणी परत समुद्रात सोडलं जाईल. कुठे? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पृष्ठभागावर सोडलं तर तिथलं पाणी काळवंडतं आणि ते लोकांना दिसतं. अगदी तळापर्यंत नेऊन सोडायचं तर पाइप लांबतो आणि खर्च वाढतो. त्यामुळे मधलं पाणी सोयीचं ठरतं. प्रशांत महासागरात २०२२ मध्ये झालेल्या चाचणीत ते सुमारे १,२०० मीटर खोलीवर सोडलं गेलं. ज्या पाण्यात ॲटोला निळं चक्र फिरवते आणि लांब पट्ट्यांच्या आडोशाला मासा राहतो, ते हेच पाणी. ते जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी एक आहे. तिथल्या जीवांना गाळाची सवयच नाही.

गाळ आला तर काय होतं, याचं एक उत्तर आपल्या हातात आहे. जर्मनीतल्या कील शहरातल्या गेओमार या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाडीतून, पेरिफिला नावाच्या जेलीफिश आणल्या आणि त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात गाळ मिसळलेल्या पाण्यात ठेवलं. ही शिरस्त्राणाच्या आकाराची, लालबुंद, अंधारात राहणारी जेलीफिश. तिच्या अंगातलं रंगद्रव्यच असं की उजेडात ते तिला विषारी ठरतं. गाळाचे कण तिच्या अंगाला चिकटू लागताच ती चिकट बुळबुळीत स्राव सोडून ते झटकू लागली. गाळ वाढला तसा स्राव वाढला. जखमा भरण्याशी आणि ऊर्जा वापरण्याशी संबंधित जनुकं जोरात कामाला लागली, श्वसन वाढलं. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधल्या पाण्यात अन्न मुळातच तुटपुंजं. तिथला प्राणी महिनोन्‌महिने अंग पुसण्यातच शक्ती घालवू लागला तर तो जगेल किती आणि पिल्लं देईल किती? पेरिफिला तरी काटक, फ्योर्डमध्ये हजारोंनी वाढणारी. शंभर वेळाच दिसलेल्या स्टायजिओमेड्युसाला टाकीत ठेवून असा प्रयोग कुणी करू शकणार नाही. तिच्या पट्ट्यांवर गाळ बसला तर तिच्या माशाचं काय होईल, हे तो गाळ बसल्यावरच कळेल, आणि तेही बघायला कुणी तिथे असेल तर.

खाणीचा गाळ म्हणजे काय हे आम्हा कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसांना निराळं शिकवायला नको. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिजाचे डंप पावसाळ्यात वाहून ओहोळात आले, ओहोळातून शेतात आले, आणि भाताच्या खाचरांवर लाल थर बसला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले, तोवर पुष्कळ शेतं गेली होती. तिथे निदान शेतकरी होता, गाळ हातात घेऊन तो दाखवू शकत होता, जनसुनावणीत उभा राहून बोलू शकत होता.

'जेलीफिशचं एवढं काय,' हा प्रश्न मला किनाऱ्यावरच्या माणसांनी अनेकदा विचारला आहे, आणि तो प्रामाणिक आहे. त्यांच्या जाळ्याचं नुकसान खरं आहे. पण वेळास-आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं जेलीफिश खातात. हॅलिफ्रॉन नावाचा खोल पाण्यातला मोठा ऑक्टोपस जेलीफिश खाताना आणि ती हातांत धरून फिरताना दिसला आहे. आणि आपल्याच अरबी समुद्राचं एक उदाहरण आहे. २००२ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ शास्त्रज्ञांनी तळाची छायाचित्रं घेतली, तेव्हा मेलेल्या जेलीफिशचा सडा तीन हजार मीटरहून खोल तळापर्यंत पडलेला आढळला. वर्षभरात वरून जेवढा सेंद्रिय कार्बन तळाला पोचतो त्याहून जास्त कार्बन त्या एका सड्यात होता. माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. वरचा कार्बन खाली नेणाऱ्या हमालांत हे जेलीसारखे जीवही आहेत. हवामान वाचवण्यासाठी बॅटरीचे धातू हवेत म्हणून आपण ज्या पाण्यात गाळ सोडणार, तेच पाणी गाजावाजा न करता हवामान सांभाळतंय.

बॅटरीचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. कोबाल्टसाठी काँगोत आणि निकेलसाठी इंडोनेशियात जमिनीची आणि माणसांची जी दैना होते आहे, ती पाहून 'त्यापेक्षा समुद्र बरा' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण समुद्रात उपसा सुरू झाल्यावर जमिनीवरची एखादी खाण बंद करू, असं कुठल्याही करारात लिहिलेलं नाही. दोन्ही चालू राहतील आणि धातू स्वस्त होतील, एवढंच. दरम्यान लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या, ज्यांना निकेल-कोबाल्ट लागत नाही, विजेच्या वाहनांत झपाट्यानं वाढत आहेत. जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत काढण्याचं तंत्रही हाताशी आहे. लाखो वर्षांत तयार झालेला गोटा उचलायची घाई करण्याआधी आपल्याच भंगारात काय पडलंय ते मोजायला हवं.

'आपण थांबलो तर चीन घेईल' हा दुसरा युक्तिवाद. चीनकडे शोधकार्याचे सर्वाधिक करार आहेत हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून आंतरराष्ट्रीय समुद्रतळावरच्या खाणींना स्वतःच्या कायद्यानं परवाने देण्याचा मार्ग धरला, हेही खरं. पण आंतरराष्ट्रीय समुद्रतळ हा कायद्यानं मानवजातीचा सामायिक वारसा आहे. त्याची राखण करणारं प्राधिकरण जमैकातल्या किंग्स्टनला बसतं, आणि तिथे २०२५ च्या जुलैपर्यंत उपशाची नियमावली ठरलेली नव्हती. फ्रान्स, जर्मनी, चिली, पलाऊ यांच्यासह पस्तीसहून अधिक देशांनी तिथे 'थांबा' म्हटलं आहे. भारतासारखा, स्वतःचं क्षेत्र आणि स्वतःचे शास्त्रज्ञ असलेला देश त्यांच्या बाजूनं उभा राहिला तर पारडं फिरू शकतं. नियम न पाळणाऱ्यांच्या मागे धावून आपण पहिले येणार नाही, आणि नियम बनवण्याची आज हातात असलेली ताकद तेवढी घालवून बसू.

एनआयओच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळाचा चिखल मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम तपासले होते. एवढी जबाबदारीची जाणीव तेव्हा फार थोड्या देशांनी दाखवली होती. पण त्या प्रयोगाचा भर तळावर होता. तळाच्या जखमा किती टिकतात हे आता पुरेसं दिसलं आहे. प्रशांत महासागरात १९७९ मध्ये एक चाचणी यंत्र फिरलं होतं, ४४ वर्षांनी तिथे गेलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांना त्याच्या चाकोऱ्या तशाच सापडल्या. मधल्या पाण्यात चाकोरी उमटत नाही. तिथला बिघाड छायाचित्रात येत नाही, म्हणून तो अहवालातही येत नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. मध्य हिंदी महासागरातल्या आपल्या ७५,००० चौरस किलोमीटरवरच्या पाण्यात, दोनशे मीटरपासून तळापर्यंत, कोण राहतं आणि कोण कुणाच्या आधारानं राहतं याची अनेक ऋतूंची नोंद झाल्याशिवाय भारतानं उपशासाठी अर्ज करू नये. गढूळ पाणी मधल्या पाण्यात सोडण्याला किंग्स्टनच्या नियमावलीत सरळ मनाई असावी, असा आग्रह भारतानं धरावा. ज्याला तळ खरवडायचा आहे त्यानं पाइप परत तळापर्यंत नेण्याचा खर्च आपल्या हिशेबात धरावा. २०२४ मध्ये देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातल्या जैवविविधतेच्या करारावर आपण सही केली आहेच. त्या सहीला ही भूमिका शोभेल.

आणि 'मत्स्य ६०००'. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी बांधलेली ही आपली पाणबुडी. टायटॅनियमचा २.१ मीटर व्यासाचा गोळा, आत बारा तास पुरेल एवढी सोय. तळाला पोचायला तिला काही तास लागतील, वर यायला तेवढेच, आणि त्या सगळ्या वेळात ती मधल्या पाण्यातूनच जात असेल. हा प्रवास निव्वळ तळ गाठण्याचा रस्ता समजला जाऊ नये. उतरताना आणि चढताना कॅमेरे चालू असावेत, मोठे दिवे विझवून लाल दिवा लावावा, मध्येच हजार-बाराशे मीटरवर तासभर थांबावं. आतल्या तिघांपैकी एक जण जेलीसारख्या जीवांचा अभ्यासक असावा. सागरी जीवांचा अभ्यास करणाऱ्या कोचीच्या सीएमएलआरई या केंद्राला 'डीप ओशन मिशन'मध्ये जैवविविधतेचं काम दिलेलंच आहे, तिथलाच कुणीतरी. आणि ते चित्रण लोकांसाठी खुलं ठेवावं, मालवणच्या शाळेतल्या मुलांनाही बघता येईल असं. आपल्या समुद्रातल्या छत्रीखाली कुठला मासा राहतो, ते त्या मुलांना गोटे वर येण्याच्या आधी कळलं पाहिजे.